संगणकाला जाग येण्याची बखर

विजेचा पुरवठा तुटताच ज्याला आपले नावगाव, आपले काम आणि आपला धनी यांपैकी कशाचेच स्मरण राहत नाही असे यंत्र मनुष्याने आधी घडवले, आणि मग ते सारे त्याला दररोज नव्याने सांगण्यात जाणारा वेळ कसा वाचवावा या विवंचनेत पुढची चाळीस-पन्नास वर्षे खर्ची घातली, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला एक मोठा मौजेचा व्यवहार होय. घरचा कॉम्प्युटर ‘स्लो’ झाला, चालू व्हायला फार वेळ घेतो, ही तक्रार वरवर पाहता दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवरच निकालात निघण्याजोगी आहे; तिला इतिहासाचा विषय म्हणावे असे सहसा कोणास सुचणार नाही. पण या विलंबाची मुळे शोधू लागले म्हणजे ती एका बाजूने स्मृती स्वस्त करण्याच्या खटपटीत, दुसऱ्या बाजूने आज्ञावल्या विकणाऱ्यांच्या चढाओढीत, आणि आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वीज कंपनीच्या वेळापत्रकातही गुंतलेली आढळतात. आणि विलंब दूर करण्याच्या म्हणून ज्या ज्या युक्त्या वेळोवेळी गाजल्या त्यांतील बहुतेकांनी तो नाहीसा केला नसून केवळ एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी नेऊन बसवला, असेही दिसून येते.

हे विस्मरण संगणकाच्या पिंडातच मुळापासून होते असे मात्र नाही. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरीच्या दशकापर्यंत संगणकाची मुख्य स्मृती म्हणजे तारांच्या उभ्या-आडव्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या असत. कडीतील चुंबकत्व घड्याळाच्या दिशेने फिरते की उलट, यावर एक किंवा शून्य ठरे, आणि वीज गेली तरी ते चुंबकत्व जागचे हलत नसे. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेथल्याच मंडळींनी घडवलेला आणि १९६० साली कामास लागलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक याच जातीच्या स्मृतीवर चाले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९६५ सालच्या पीडीपी-८ या यंत्रात, कागदी फीत वाचण्यापुरती पंधरा-वीस आज्ञांची एक छोटी आज्ञावली दर्शनी फळीवरील खटके वर-खाली करून हाताने भरावी लागे हे खरे. परंतु एकदा भरलेली ती आज्ञावली स्मृतीच्या एका कोपऱ्यात मुक्काम करून राही, आणि एखाद्या बेफाम कार्यक्रमाने ती पुसून टाकली नाही तर यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तशीच उपयोगी पडे. पुढे १९७० साली इंटेलने ११०३ या क्रमांकाची स्मृतीची चिप बाजारात आणली, आणि कड्या ओवण्याचा तो किचकट उद्योग काही वर्षांतच मागे पडला. नव्या चिपमध्ये प्रत्येक अंक म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म साठा. तो काही सहस्रांश सेकंदांतच गळू लागतो, म्हणून त्याला अखंड नवे करीत राहावे लागते, आणि पुरवठा थांबला की सारे लेखन कोरे होते. संगणक सामान्य गृहस्थाच्या घरी येऊ शकला तो या स्वस्त स्मृतीमुळे. आणि तो येताना रोजचे विस्मरण सोबत घेऊन आला तेही तिच्यामुळेच.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० हा हौशी लोकांचा संगणक या नव्या युगाचा पहिला गाजलेला मानकरी. त्याला ना पडदा, ना कळफलक. समोर खटक्यांच्या रांगा आणि लाल दिवे. यंत्र चालू केले की प्रारंभिक आज्ञा एकेक करून खटक्यांनी भरायच्या, एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. या यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी बेसिक भाषेची एक आवृत्ती रचली, आणि ती कागदी फितीवर घेऊन अॅलन न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की शहरी अल्टेअरच्या निर्मात्यांस दाखवण्यासाठी विमानाने निघाले असता, फितीवरचा मजकूर यंत्रात उतरवून घेणारी प्रारंभिक आज्ञावली लिहायचीच राहून गेली आहे, ही गोष्ट त्यांच्या वाटेत ध्यानात आली. विमान उतरण्यापूर्वी त्यांनी ती हातानेच कागदावर लिहून काढली आणि पुढचा प्रसंग निभावला. ज्यांच्या कंपनीची मुद्रा पडद्यावर पाहत पुढे जगभरच्या लोकांनी संगणक चालू होण्याची वाट पाहावी, त्यांच्याच पहिल्या मालाला चालू करण्याची तजवीज आयत्या वेळी करावी लागली, हा योगायोग मला तरी मोठा अर्थपूर्ण वाटतो.

त्यानंतर जी पाच-सात वर्षे आली तीत घरगुती संगणकाने असा काही वेग दाखवला की तो पुन्हा दिसायला तीस वर्षे जावी लागली. अॅपल-२, कमोडोर ६४, सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, एकॉर्नचा बीबीसी मायक्रो या सर्वांनी आपली भाषा आणि आपली प्राथमिक व्यवस्था रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये, कायमची कोरून ठेवलेली असे. त्यामुळे कळ दाबताच एखाद-दोन सेकंदांत यंत्र पुढचा हुकूम घेण्यास सिद्ध. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘क्लास’ नामक प्रकल्पातून १९८४ च्या सुमारास शाळांत जे संगणक आले ते बीबीसी मायक्रोच होते, आणि ज्यांनी ते त्या काळी हाताळले त्यांना त्याची ती चालू होतानाची दोन सुरांची शीळ आणि तत्काळ उमटणारी अक्षरे आठवत असतील. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने स्पेक्ट्रमची परवानाकृत आवृत्ती १९८६ च्या सुमारास येथे विक्रीस आणली. पण गंमत अशी की यंत्र जागे झाले तरी काम जागे होत नसे. खेळ किंवा आज्ञावली असे कॅसेटवर, आणि साध्या टेपरेकॉर्डरमधून ती स्पेक्ट्रमच्या स्मृतीत उतरायला, पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावत असताना आणि कर्कश चिरचिर कानी पडत असताना, चार-पाच मिनिटे सहज जात. मध्येच टेप थोडी घसरली की सारे मुसळ केरात. विलंब नव्हता असे नव्हे, त्याचे ठिकाण निराळे होते.

या साऱ्या प्रकरणाला आजचे वळण लागले ते १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला तेव्हा. आजही घराघरांत असलेल्या टेबलावरच्या संगणकांचे गोत्र तेच असल्यामुळे त्याच्या जागे होण्याचा क्रम जरा सावकाश पाहिला पाहिजे. त्याचा इंटेल ८०८८ हा प्रोसेसर दहा लाखांहून काही अधिक घरांची स्मृती ओळखी, आणि वीज मिळताच तो आंधळेपणाने या घरांपैकी शेवटून सोळाव्या घरी जाऊन तेथे जी आज्ञा लिहिली असेल ती पाळी. ती घरे रॉमची. तेथे ‘बायॉस’ नावाच्या मूळ व्यवस्थेचा दरवाजा. बायॉस प्रथम यंत्राची झडती घेई, कळफलक आहे काय, पडदा आहे काय हे पाही, स्मृतीचे प्रत्येक घर लिहून-वाचून तपाशी, आणि सारे ठाकठीक असल्यास एक छोटी पिपाणी वाजवून फ्लॉपीवरचा पहिला खण, म्हणजे पाचशे बारा अक्षरांचा मजकूर, उचलून स्मृतीत एका ठराविक पत्त्यावर ठेवी आणि आपला अंमल त्याच्या स्वाधीन करी. पुढे या खणाच्या अखेरीस ५५ आणि एए असे दोन षोडशमान अंक असलेच पाहिजेत असा दंडक पडला. ते शिक्के जागेवर असले तर तबकडी ग्राह्य, नसल्यास ‘सिस्टम नाही’ म्हणून परत.

यांतील स्मृतीची मोजदाद हा खरा वेळखाऊ प्रकार. त्या काळच्या चिपा आजच्याइतक्या भरवशाच्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक वेळी संपूर्ण तपासणी करण्याचा शिरस्ता पडला. आणि स्मृती जसजशी वाढत गेली तसतशी ही तपासणीही लांबत जाऊन पूर्ण भरलेल्या यंत्रावर ती मिनिटाच्या घरात जाऊ लागली. हा त्रास सर्वांच्या आधी भोगावा लागला तो फ्लोरिडातील बोका रटोन येथे हे यंत्र घडवणाऱ्या अभियंत्यांनाच, कारण त्यांच्या अर्ध्याकच्च्या आज्ञावल्या दिवसातून कितीदा तरी यंत्र गोठवीत आणि दरवेळी वीज बंद करून, पुन्हा चालू करून ती मोजदाद निमूटपणे पाहावी लागे. त्यांच्यापैकी डेव्हिड ब्रॅडली यांनी यावर तोड काढली: तीन विशिष्ट कळा एकदम दाबल्या की यंत्र वीज न तोडता पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावे, आणि तसे होताना स्मृतीच्या एका ठराविक घरात षोडशमान १२३४ ही खूण लिहून ठेवावी, बायॉसने त्या घरी डोकावून खूण आहे असे पाहिले तर, ‘हा गडी आत्ताच तपासला आहे’ असे समजून मोजदाद वगळावी. प्रथम ज्या कळा निवडल्या होत्या त्या सर्व डाव्या बाजूस असल्याने चुकून हात पडण्याचे भय होते. म्हणून दोन हातांवाचून दाबता येणार नाहीत अशा कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा पक्क्या झाल्या. पुढे ज्या त्रिकुटाला जगाने संगणकाच्या अडेलतट्टूपणावरचा रामबाण म्हणून ओळखले, त्याचा जन्म असा चालू होण्यातील काही सेकंद वाचवण्यासाठी झाला होता, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते.

याच सुमारास कॅलिफोर्नियात त्याच सेकंदांचा हिशेब निराळ्या पद्धतीने मांडला जात होता. १९८३ च्या ऑगस्टमध्ये अॅपलचा मॅकिंटॉश पूर्णत्वास येत असता स्टीव्ह जॉब्स हे फ्लॉपी आणि फायलींची व्यवस्था लिहिणाऱ्या लॅरी केन्यन या अभियंत्याकडे गेले आणि यंत्र चालू व्हायला फार वेळ घेते म्हणून तक्रार करू लागले. केन्यन अडचणी सांगू लागताच जॉब्स यांनी त्यांना, पन्नास लाख लोकांचे दररोज दहा सेकंद वाचवले तर वर्षाकाठी डझनभर माणसांची आयुष्ये वाचवल्यासारखे होईल, असा हिशेब ऐकवला, अशी हकिकत त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नमूद करून ठेवली आहे. मी हा हिशेब ताडून पाहिला: दिवसाचे पाच कोटी सेकंद म्हणजे वर्षाची सुमारे पावणेसहाशे वर्षे, आणि सत्तर वर्षांचे एक आयुष्य धरले तर ती आठांच्या आसपास भरतात. जॉब्स यांनी चार आयुष्ये पदरची घातली होती तर! पण जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश लोकांपुढे आला तोवर दहाहून अधिक सेकंद खरोखरच कमी झाले होते. ज्या कामाला तांत्रिक कारणाने नकार मिळत होता ते अतिशयोक्तीने तडीस गेले.

इकडे आयबीएमच्या वंशात पहिल्या खणावर सत्ता कोणाची, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या बंधूंनी लिहिलेल्या ‘ब्रेन’ या विषाणूने फ्लॉपीचा मूळ पहिला खण दुसरीकडे हलवून तेथे स्वतःचे ठाण मांडले. संगणकात सर्वांत आधी जो हजर होईल त्याचेच राज्य, हे तत्त्व त्याने जगाला शिकवले. सभ्य आज्ञावल्यांनी तेच तत्त्व सनदशीर मार्गाने आचरणात आणले. एमएस-डॉसच्या काळी ‘कॉन्फिग डॉट सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ अशा दोन लहानशा मजकुराच्या फायली असत. यंत्र जागे झाले की त्या ओळीओळीने वाचून, त्यांत ज्यांची नावे असतील त्या आज्ञावल्यांना स्मृतीत कायमची जागा दिली जाई. माहीतगार माणूस या दोन फायलींवर तासन्‌तास घालवी, कोणती ओळ वर, कोणती खाली, कोणती वगळावी याचा खल करी. आणि १९९३ च्या डॉस ६ मध्ये एफ-५ दाबून त्या अजिबात टाळण्याची व एफ-८ दाबून एकेका ओळीस होय-नाही म्हणण्याची सोय झाली तेव्हा या वर्गाला केवढा आनंद झाला होता! दोन फायली, दहा-वीस ओळी. धनी कोण आणि आश्रित कोण हे त्यात डोळ्यांनी दिसत होते.

विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आले आणि हे दिसणे संपले. ‘स्टार्टअप’ नावाची एक थैली सर्वांना दिसे, पण तिच्या मागे रजिस्ट्री नामक विशाल दफ्तरात ‘रन’ या नावाचे खण निघाले, जुनी ‘विन डॉट आयएनआय’ फाइलही मान्यच राहिली, आणि विंडोज एनटीच्या घराण्यात ‘सर्व्हिसेस’ची निराळी यादी होतीच. एखाद्या संस्थानिकाच्या देवडीवर ज्याप्रमाणे पहाटेपासून आश्रित, भाट आणि मागतकरी हजेरीसाठी रांग लावीत, आणि त्यांतील एकालाही उद्या या म्हणून सांगण्याचे धैर्य कारभाऱ्यास होत नसे, तसा प्रकार घरगुती संगणकाच्या दारी सुरू झाला: प्रिंटरचा एक कारकून शाईची पातळी सांगायला, मोडेमचा एक, गाणी वाजवणाऱ्या आज्ञावलीचा एक, कारण ती उद्या कोणी उघडलीच तर दोन सेकंद लवकर उघडावी ही तिच्या कर्त्याची इच्छा. त्या दोन सेकंदांचे मोल मात्र धन्याने रोज सकाळी द्यायचे, आज्ञावली वापरो वा न वापरो. विकणाऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब चोख होता, कारण आपले उघडणे जलद झाले याचे श्रेय त्याला मिळे आणि संगणक मंद झाला याचा बोल दुसऱ्याला लागे. मराठी लिहिणाऱ्यांच्या यंत्रावर तर आणखी एका मानकऱ्याची भर असे. युनिकोड घरोघर रुजण्यापूर्वी सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारखी व्यवस्था जागी असल्याखेरीज देवनागरी अक्षर उमटत नसे, म्हणून छपाईचे काम करणारे लोक तिला आरंभीच्या यादीत बसवून ठेवीत. ती हजेरी निदान कामाची होती. विषाणुरोधकाची हजेरीही नाकारता येण्याजोगी नव्हती. ब्रेनचा धडा लक्षात ठेवून त्याला सर्वांच्या आधी यावे लागे, आणि मग मागून येणाऱ्या प्रत्येकाची झडती तो घेत बसे.

ही गर्दी इतकी भोवावी याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत होते, आणि ते जवळून पाहिल्याशिवाय त्या काळच्या घरांतील ती खर्रखर्र समजणार नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सव्वाआठ सहस्रांश सेकंदांचा. हवा असलेला मजकूर डोक्याखाली यायला सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी ते डोके एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेण्यात आठ-नऊ सहस्रांश सेकंद गेलेले असतात. म्हणजे विखुरलेल्या जागी असलेल्या मजकुराचे सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी तुकडे हाती लागले तरी पुष्कळ. चालू होताना शेकडो फायलींचे हजारो तुकडे वाचायचे, आणि त्यातच दहा-पंधरा आश्रित एकाच वेळी आपापली फाइल मागू लागले की ते बिचारे डोके एकाचे अर्धे टाकून दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे अर्धे टाकून तिसऱ्याकडे धावे. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तरी या धावपळीत काडीचा फरक पडत नसे. जुने यंत्र मंद झाले म्हणून लोक नवे घेत, आणि वर्षभरात नवेही तितकेच मंद होई, त्याचे मर्म हे.

महाराष्ट्रात घरगुती संगणकाचा खरा प्रसार याच काळातला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ‘असेंबल्ड’ पीसी, एमएस-सीआयटीच्या परीक्षेपुरते मुलांना शिकवावे हा हेतू, आणि पैसे वाचवायचे म्हणून रॅम जेमतेम १२८ मेगाबाइट. ती भरली की यंत्र उरलेला मजकूर पुन्हा त्याच डिस्कवर उतरवून ठेवी, म्हणजे आधीच दमलेल्या डोक्याला आणखी एक काम. त्यात भारनियमन. २००५ नंतरच्या सहा-सात वर्षांत राज्याच्या फार मोठ्या भागात वीज ठराविक तासांना जाई, कधी न ठरवताही जाई, आणि विंडोज ९८ चे यंत्र अशा रीतीने अकस्मात बंद पडले की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ‘स्कॅनडिस्क’ उगवून सारी डिस्क तपाशी. त्या पडद्यावर, हा संदेश पुन्हा दिसू नये असे वाटत असल्यास संगणक नेहमी रीतसर बंद करीत जावा, असा उपदेश असे. तालुक्याच्या गावी, दिवसाचे कित्येक तास वीज नसलेल्या गृहस्थाला हा उपदेश वाचून काय वाटत असेल याची कल्पना मायक्रोसॉफ्टच्या रेडमंड येथील मंडळींना नसावी. वीज आली, स्कॅनडिस्क संपली, देवदेवतांचे वॉलपेपर दिसू लागले, वाळूचे घड्याळ फिरू लागले, आणि ते थांबेपर्यंत पुन्हा वीज गेली, असेही घडे.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’. गल्लीतला जाणता मुलगा सीडी घेऊन येई, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकी, दोन-तीनशे रुपये आणि चहा घेई, आणि यंत्र नव्यासारखे धावू लागे. हा उपाय गुणकारी होता यात शंका नाही, कारण त्याने देवडीवरची सारी गर्दी एका फटक्यात उठे. फक्त पुढच्या सहा महिन्यांत ती परत जमे, आणि मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पुसलेल्या डिस्कबरोबर गेलेले असत. कमी रक्तपाताचा मार्ग ‘एमएसकॉन्फिग’ नावाच्या खिडकीतून होता. विंडोज ९८ मध्ये ती आली, विंडोज २००० मधून वगळली गेली आणि एक्सपीत परतली. तिच्यातील स्टार्टअपच्या यादीवरील खुणा काढून टाकल्या की आश्रित जागेवरच राहत, फक्त सकाळी त्यांना वर्दी जात नसे. पण यादीतली नावे इतकी गूढ असत की सामान्य माणसाला त्यांतला मित्र कोण आणि उपटसुंभ कोण हे ओळखता येऊ नये.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या कर्त्यांनी मात्र रोगाचे निदान अचूक केले होते. यंत्र तीस सेकंदांत वापरण्याजोगे व्हावे असे उद्दिष्ट ठरवून त्यांनी ‘प्रीफेच’ नावाची युक्ती योजली: चालू होताना कोणकोणत्या फायलींचे कोणते भाग लागतात याची नोंद यंत्रानेच ठेवायची, पुढच्या वेळी ते भाग मागणी येण्याची वाट न पाहता मोठ्या घासाने आधीच वाचून घ्यायचे, आणि दर तीन दिवसांच्या सुमारास, यंत्र रिकामे असताना, त्या फायली तबकडीवर लागोपाठ नेऊन मांडायच्या. या नोंदींच्या थैलीत आरंभाची जी मुख्य फाइल असे तिच्या नावात ‘बूडफाड’ असे वाचता येणारे षोडशमान अंक अभियंत्यांनी गमतीने घालून ठेवले होते. ही थैली अधूनमधून रिकामी केली की संगणक जलद होतो, असा एक समज आपल्याकडे आणि जगभर पसरला. वस्तुतः ती रिकामी केल्यावर पुढचा आरंभ अधिकच मंद होई, कारण यंत्राने शिकलेले सारे पुसले गेलेले असे. असेच दैव ‘बूटव्हिस’ या साधनाचे ओढवले. यंत्रे बनवणाऱ्यांनी आरंभातील विलंब कोठे होतो ते आलेखाने पाहावे म्हणून मायक्रोसॉफ्टने ते दिले, आणि हौशी लोकांनी त्यालाच वेग वाढवण्याचे औषध मानून इतके घोटले की कंपनीने, हे तुमच्यासाठी नव्हे, असे सांगून ते शेवटी मागे घेतले.

तीस सेकंदांचे उद्दिष्ट साधण्यात आणखी एक हातचलाखी होती आणि तिच्याबद्दल मला पूर्वीपासून अढी आहे. डेस्कटॉप लवकर दिसू लागला. पण तो दिसला म्हणजे यंत्र मोकळे झाले असे नसे. आश्रितांची रांग मागच्या दाराने चालूच असे, आणि चित्रावर माउस नेऊन दाबावे तर मिनिटभर काहीच न होऊन मग एकदम चार खिडक्या उघडत. विंडोज विस्टाने २००७ मध्ये सेवांना ‘थोड्या वेळाने या’ असे सांगण्याची अधिकृत सोय करून याच पद्धतीला कायद्याचे रूप दिले. त्यात लबाडीच होती असे नाही. जे काम आरंभी लागतच नाही ते पुढे तहकूब ठेवणे हा शहाणपणाच आहे. फक्त त्याला वेग म्हणू नये.

लिनक्सच्या जगात हाच प्रश्न उलट बाजूने हाताळला गेला. तेथे जुन्या युनिक्सच्या वहिवाटीप्रमाणे आरंभीची कामे एकामागून एक, पहिले संपल्यावर दुसरे, अशी चालत. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील परिषदेत इंटेलच्या आर्यन व्हान डे व्हेन आणि औक कोक यांनी असुसच्या छोट्या ई-पीसीवर, ज्यात फिरती तबकडी नव्हे तर फ्लॅश स्मृती होती, संपूर्ण प्रणाली पाच सेकंदांत चालू करून दाखवली. ‘अधिक जलद’ असे सैल ध्येय ठेवले तर प्रत्येक जण आपल्या वाट्याचा विलंब समर्थनीय ठरवतो, म्हणून त्यांनी आधी एकूण रक्कम ठरवली आणि मग तिची वाटणी केली: गाभ्याला एक सेकंद, प्राथमिक सेवांना एक, चित्रव्यवस्थेला एक, डेस्कटॉपला दोन. या खातेवाटपात प्रचलित प्रणालींतील जी उधळपट्टी उघडी पडली ती पाहण्यासारखी होती. क्वचित कोणाकडे असलेल्या यंत्रभागांचा शोध प्रत्येकाच्या घरी रोज चाले. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ पुढे आणले आणि अॅपलच्या २००५ सालच्या ‘लाँचडी’पासून स्फूर्ती घेऊन सेवांना एकाच वेळी, आणि शक्यतो गरज पडेल तेव्हाच, उठवण्याची पद्धत रूढ केली. त्यात कोणत्या सेवेने किती वेळ खाल्ला याची यादी काढणाऱ्या आज्ञेचे नावच ‘ब्लेम’, म्हणजे ठपका, असे आहे. इतका स्पष्टवक्तेपणा विंडोजच्या दफ्तरात कधी आढळला नाही.

पण या साऱ्या चतुराईपेक्षा अधिक काम केले ते तबकडीच जाण्याने. २००८ नंतर एसएसडी, म्हणजे फ्लॅश स्मृतीची डिस्क, हळूहळू सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. तिच्यात फिरायला काही नाही आणि धावायला डोके नाही, म्हणून विखुरलेला तुकडा शोधायला जेथे बारा-तेरा सहस्रांश सेकंद लागत तेथे सहस्रांशाचा दहावा हिस्सा पुरू लागला. देवडीवरची गर्दी होती तितकीच राहिली, किंबहुना वाढली, पण तिचा त्रास जाणवेनासा झाला. आजही दहा वर्षांचा लॅपटॉप दुरुस्तीला नेला तर जाणता कारागीर प्रथम डिस्क बदलायला सांगतो आणि रॅमचा विचार मागाहून करतो, तो याच अनुभवाने.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले त्या वेळी एसएसडी असलेले यंत्र सात सेकंदांत जागे होऊ लागले होते, आणि त्यातून एक अडचण उभी राहिली. एफ-८ दाबून आरंभात हस्तक्षेप करण्यासाठी जी फट वीस वर्षे चालत आली होती ती आता दोनशे सहस्रांश सेकंदांहूनही लहान झाली. मनुष्याच्या बोटाला तेवढ्यात ती कळ गाठणे दैवयोगानेच साधावे. तेव्हा बिघडलेल्या यंत्राची वाट आरंभाच्या आधीच, म्हणजे विंडोज चालू असतानाच, शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडण्याच्या मार्गाने काढून द्यावी लागली. आणखीही एक बदल त्याच वेळी झाला, ज्याची वार्ता अनेक घरांना अजून नाही. ‘शटडाउन’ म्हटल्यावर विंडोज तुमची कामे बंद करते खरे, पण आपल्या गाभ्याची स्मृती जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवते आणि पुढच्या वेळी ती तेथून उचलून घेते, म्हणजे फेराइटच्या कड्यांनी जे काम आपोआप होत असे ते आता हिशेबाने केले जाते. याचा परिणाम असा की रात्री बंद केलेला संगणक सकाळी खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही, कालचा बिघाडही सोबत घेऊनच उठतो; आणि फोनवर मदत करणारा मुलगा ‘बंद करून चालू करू नका, काका, रीस्टार्ट करा’ असे जे निक्षून सांगतो, ते एवढ्यासाठी की संपूर्ण आरंभ, जुन्या क्रमाने आणि पूर्ण वेळ घेऊन, आता सहसा त्याच मार्गाने होतो.